सारथ्याची सनद

आपल्या आजोबांच्या काळी टांगा ठरवावयाचा तर टांगेवाल्याची ओळख असावी लागे. गुलमंडीवरून स्टेशनकडे जाणाऱ्या टांगेवाल्यांपैकी कोण वेळेवर येतो, कोणाचे घोडे बुजरे आणि दिवेलागणीनंतर कोणावर विसंबू नये, हे घरातील बायकामंडळींसही ठाऊक असे. आज ती ओळख उरलेली नाही. समर्थनगरातील ओट्यावर उभे राहून मोबाईलवर बोट टेकविले की पाच-सात मिनिटांत दारात मोटार येऊन उभी राहते. आणि ज्याचे नाव आपण त्याच क्षणी प्रथम वाचले, अशा माणसाच्या हाती आपण ऐंशी वर्षांच्या आईस किंवा पहाटेच्या गाडीने मुंबईस निघालेल्या मुलीस निःशंक मनाने सोपवितो.

त्याच्याविषयीची चौकशी आपल्या वतीने कोणीतरी केली असेल असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतांशी ते खरेही असते. परिवहन कार्यालय त्याचा परवाना पाहते, पोलीस त्याच्या चारित्र्याची पडताळणी करतात, कंपनी त्याचे कागद तपासते. या सर्व चौकशीत एक प्रश्न असा असतो, की मद्य प्राशन करून वाहन चालविल्याबद्दल या इसमास कधी शिक्षा झाली आहे काय? प्रवासी या नात्याने हा प्रश्न आपणांस अत्यंत रास्त वाटतो. परंतु त्याचे उत्तर 'होय' असे आले म्हणजे त्या इसमाचे पुढे काय होते, याचा विचार करण्याचा प्रसंग आपणांवर सहसा येत नाही. आमच्या घरावर तो आला. तो ज्या रीतीने आला ती सांगताना संकोच वाटतो. परंतु ती गाळली तर हा लेख लिहिण्याचे कारणच गाळल्यासारखे होईल.

लग्नघरातील रात्र

२०२३ सालचा फेब्रुवारी महिना. आपल्या शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावास केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, तो हाच महिना. आमच्या धाकट्या बंधूंच्या घरचे कार्य बीड बायपासवरील एका मंगल कार्यालयात होते. पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी एका ओळखीच्या चालकास दोन दिवसांकरिता सांगितले होते. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. वय पस्तिशीचे, मूळचा पैठण तालुक्यातला. घरी आई, बायको व दोन मुले. कर्ज काढून घेतलेली मोटार तो एरवी कंपनीच्या ॲपवर चालवी, आणि आमच्याकडे कोणी आजारी पडले की रात्री-अपरात्री हाकेस येई. आमची आई त्याला कौतुकाने 'आमचा सारथी' म्हणे.

वडील मंडळी निजावयास गेल्यावर कार्यालयाच्या गच्चीवर तरुण मंडळींनी काय चालविले होते, ते आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. ज्या घरात पिढ्यानपिढ्या सोवळ्याच्या पंक्ती उठल्या, त्या घरच्या समारंभात हे व्हावे याचे दुःख निराळे. तो या लेखाचा विषय नव्हे. विषय असा, की रात्री बाराच्या सुमारास आमचा एक पुतण्या खाली आला, आणि गाडीत डुलकी घेत पडलेल्या त्या चालकास म्हणाला, "दोन दिवस राबतो आहेस. घे थोडी, अंग मोकळे होईल." त्याने आधी नको म्हटले, मग लग्नघरच्या माणसाचा शब्द कसा मोडावा, म्हणून घेतली. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने त्याच पुतण्याने त्याला शेवटचे तीन पाहुणे सिडकोत सोडून येण्यास सांगितले. पाहुणे सुखरूप उतरले. परत येताना नाकाबंदीत त्याची गाडी अडविण्यात आली, यंत्रात फुंकावयास सांगण्यात आले, व आकडा मर्यादेच्या वर निघाला. अपघात झाला नाही, कोणास ओरखडाही उमटला नाही.

पुतण्या ओशाळला. मनाने तो वाईट नाही. "दंड आम्ही भरतो," असे त्याने चालकास सांगितले. आणि मार्च महिन्यात न्यायालयाची तारीख आली, तेव्हा दहा हजार रुपये त्याच्या हाती ठेवून वर सल्लाही दिला, की उगाच हेलपाटे घालू नकोस, एकदा कबूल कर आणि मोकळा हो. चालकाने तसेच केले. आमच्या घराने आपल्यापुरते प्रकरण मिटविले.

दिवाळी उलटल्यावर एका संध्याकाळी तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. गाडी नव्हती, पायीच आला होता. आमचे थोरले बंधू, ज्यांस सर्व जण नाना म्हणतात, त्यांनी चाळीस वर्षे वकिली केली आहे. त्यांच्यासमोर त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून ठेवले.

"नाना, दंड भरला की मिटलं, असं म्हणले होते दादा. लायसन सहा महिने गेलं, ते भोगलं मी. आता लायसन हातात आलं, तर कंपनीनं आयडी बंद केली. सात वर्षं घेता येत नाही म्हणतात. गाडीचे हप्ते कुठून भरू?"

नानांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढून ठेवला, आणि आत वळून पुतण्यास हाक मारली. तो आल्यावर ते एवढेच म्हणाले, "कबूल कर असे सांगण्याआधी घरात वकील आहे, हे तुला आठवले नाही?" तो काहीच बोलला नाही. मग नानांनी आम्हां सर्वांस बसवून घेऊन हा कायदा समजावून सांगितला. पुढील मजकूर बव्हंशी त्यांच्या त्या बोलण्यावरून, आणि पुढे स्वतः ताडून पाहून, लिहिला आहे.

तीस मिलिग्रॅमचा अर्थ

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १८५ व्या कलमान्वये, ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळतो, त्याने वाहन चालविणे हा गुन्हा होय. ही मर्यादा मालकाच्या मुलास जी, तीच भाड्याची गाडी हाकणाऱ्यास. इंग्लंडात हीच मर्यादा १९६७ सालच्या कायद्याने ८० ठरविली. म्हणजे या बाबतीत आपला कायदा पुष्कळच कडक आहे.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजून घेतल्यावाचून या कडकपणाची कल्पना येत नाही. आपल्याकडील व्हिस्की, रम इत्यादी मद्यांत सुमारे ४३ टक्के मद्यार्क असतो. त्याच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेल्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर रक्तातील प्रमाण वीस-पंचविसाच्या आसपास जाते. दोन पेले घेतले तर पंचेचाळिसाच्या. तेव्हा 'थोडीशीच घेतली होती' हे म्हणणे खरे असूनही माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, की चढलेले मद्य उतरावयास लागणारा वेळ माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसतो. यकृत आपल्या गतीने काम करते, आणि ती गती साधारणतः ताशी १५ मिलिग्रॅमची असते. लिंबू-सरबत, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ती वाढत नाही. रात्री अकरा वाजता ज्याच्या रक्तात १४० चे प्रमाण आहे, तो सात तासांची झोप घेऊन सहा वाजता उठला तरी त्याच्या रक्तात पस्तीस उरलेले असते. तोंड धुऊन, गंध लावून, चहा घेऊन तो पहाटेचे भाडे घ्यावयास निघतो. आपण शुद्धीवर आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि तरीही तो गुन्हा करीत असतो. विमानचालकांच्या बाबतीत हे ओळखूनच उड्डाणापूर्वीच्या बारा तासांत मद्य घेऊ नये असा आपल्याकडे नियम आहे. मोटारचालकास हा हिशेब कोणी शिकवीत नाही.

शिक्षेचे मान असे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. २०१९ च्या सप्टेंबरात सुधारित कायदा अमलात येईपर्यंत पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. पोलिसांच्या पावतीवर रक्कम भरून मिटविता येण्याजोग्या गुन्ह्यांत हा गुन्हा मोडत नाही. तो न्यायालयापुढेच जातो.

एक दिवसाचा दंड

येथवरचे पुष्कळांस ऐकून माहीत असते. ज्या गोष्टी आमच्या सुशिक्षित पुतण्यास माहीत नव्हत्या, त्या पुढच्या आहेत.

पहिली ही, की १८५ व्या कलमाखाली दोष सिद्ध झाला की न्यायालयाने कमीत कमी सहा महिने त्या इसमास परवाना धारण करण्यास अपात्र ठरविलेच पाहिजे, असे त्याच कायद्याचे विसावे कलम सांगते. येथे 'वाटल्यास' हा शब्द नाही. त्या सहा महिन्यांत पोटासाठी म्हणून चोरून गाडी बाहेर काढली आणि सापडला, तर तो १८२ व्या कलमाखालील निराळा गुन्हा होतो. त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

दुसरी गोष्ट कंपनीची. प्रवाशांची व चालकांची ॲपवरून गाठ घालून देणाऱ्या कंपन्यांस २०१९ च्या दुरुस्तीने प्रथमच कायद्याच्या कक्षेत आणले. त्यानंतर २०२० च्या नोव्हेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या कंपन्यांकरिता मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चालकाच्या पात्रतेची जी कलमे घातली, त्यांतील एक असे होते, की मद्याच्या वा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालविल्याबद्दल मागील सात वर्षांत त्यास शिक्षा झालेली नसावी. अमेरिकेतील अशा कंपन्याही नव्या चालकाच्या पूर्ववृत्ताची छाननी करताना साधारणतः सात वर्षेच मागे पाहतात. २०२५ च्या जुलैत मंत्रालयाने ही तत्त्वे नव्याने काढली आणि राज्य सरकारेही आपापले नियम करीत असतात. यास्तव ज्या दिवशी अर्ज करावयाचा, त्या दिवशी कोणता नियम लागू आहे हे परिवहन कार्यालयात विचारून घेणे इष्ट. परंतु आमच्या सारथ्याची शिक्षा २०२३ च्या मार्चातली. त्याला कंपनीने सांगितलेली मुदत २०३० च्या मार्चात संपते. शिक्षा झाली त्या दिवशी त्याचा थोरला मुलगा पाचवीत होता. मुदत संपेल तेव्हा तो बारावीच्या परीक्षेस बसलेला असेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सात वर्षांची ही मोजणी पकडले जाण्यापासून होत नाही, दोषसिद्धीपासून होते. आणि दोषसिद्धी अनेकदा आरोपीच्या स्वतःच्या तोंडच्या दोन शब्दांनी होते: 'गुन्हा कबूल.' ते दोन शब्द उच्चारले की पुरावा तपासला जात नाही. यंत्र ठीक होते काय, नोंद बरोबर झाली काय, अटक झाली असल्यास दोन तासांच्या आत वैद्यकाकडून तपासणी झाली काय, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. शिवाय कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील चालत नाही. चालते ते शिक्षा किती व कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतेच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे असेच होते, आणि २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही असेच आहे.

खोटे बोलावे असा याचा अर्थ नव्हे. ज्याने गुन्हा केला आहे, त्याने तो पूर्ण जाणिवेने कबूल करणे हे सज्जनपणाचेच लक्षण होय. परंतु आपण काय कबूल करीत आहो आणि त्याची किंमत काय, हे त्याला आधी कळले पाहिजे. दहा हजार रुपये ही आपली शिक्षा आहे असे समजून जो कबूल करतो, त्याने शिक्षेचा अगदी लहानसा भाग पाहिलेला असतो.

मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल जगात प्रथम शिक्षा झाली ती भाड्याची गाडी चालविणाऱ्यासच, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १८९७ सालच्या सप्टेंबरच्या दहा तारखेस लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या पंचवीस वर्षांच्या चालकाने आपली विजेवर चालणारी भाड्याची गाडी न्यू बाँड रस्त्यावरील एका इमारतीवर नेऊन आदळली. त्यानेही गुन्हा कबूल केला, आणि त्यास पंचवीस शिलिंग दंड झाला. त्या काळी श्वास मोजण्याचे यंत्र नव्हते. तसले पहिले यंत्र अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाले. नोंद सांभाळून ठेवून ती सात वर्षे कोणाही कंपनीस दाखविण्याची सोयही त्या काळी नव्हती.

कायदा कठोर आहे काय?

हे सर्व ऐकल्यावर आमच्या घरातील स्त्रियांचा कल साहजिकच चालकाकडे झुकला. "कोणाला लागले नाही, खुपले नाही, मग सात वर्षे कशासाठी?" असे आमच्या वहिनींनी विचारले. नानांनी त्यावर दोन प्रकरणे सांगितली.

पहिले मुंबईचे. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर रात्री पदपथावर मजूर झोपले होते. एका तरुणाची मोटार त्यांच्यावर गेली. सात जण ठार झाले, आठ जखमी झाले. त्या तरुणाच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ११२ मिलिग्रॅम निघाले. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची केली, व २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या रात्री घरून निघताना आपण कोणास मारणार आहो, असे त्या तरुणाच्या मनात खासच नव्हते. नानांचे म्हणणे असे, की ज्या रात्री कोणी मरत नाही ती रात्र आणि ज्या रात्री सात जण मरतात ती रात्र, यांत गाडी चालविणाऱ्याच्या वागणुकीचा काहीच फरक नसतो. फरक असतो तो त्या क्षणी रस्त्यावर कोण होते, एवढाच.

दुसरे प्रकरण पोटासाठी गाडी हाकणाऱ्याचे असल्यामुळे आमच्या विषयास अधिक जवळचे आहे. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकाने २००० साली जवानांना घेऊन जाताना मद्याच्या अमलाखाली अपघात केला. जीवितहानी झाली नाही. चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२२ च्या जानेवारीत निकाल लागला. कोणी मेले नाही हे केवळ नशीब, तेवढ्यावरून दया दाखविता येत नाही, असे न्यायालयाने बजाविले. तथापि पंचवीस वर्षांची नोकरी ध्यानात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, जेणेकरून निवृत्तीचे लाभ मिळावेत. निकाल लागला तेव्हा तो चालक हयात नव्हता. ते लाभ त्याच्या कुटुंबीयांच्या वाट्यास आले.

या निकालात आम्हांस दोन गोष्टी दिसतात. ज्याच्या मागे माणसे बसलेली आहेत त्याने शुद्धीवर असलेच पाहिजे, यात सूट नाही. आणि चुकलेल्या माणसाच्या मागे त्याचे कुटुंब असते, हेही न्यायालय विसरले नाही. सरकारी चालकास निदान निवृत्तीवेतनाचा आधार आहे. ॲपवरच्या चालकास नोकरीही नाही, म्हणून निवृत्तीही नाही. मोबाईलच्या पडद्यावर एक ओळ येते आणि त्याचा धंदा त्या दिवशी संपतो.

येथे एक विषमता मान्य केली पाहिजे. आमचा पुतण्या त्या रात्री स्वतः गाडी घेऊन निघाला असता व सापडला असता, तर त्यालाही तोच दंड आणि तेच सहा महिने. पण सहा महिने तो दुसऱ्याच्या गाडीतून कचेरीत गेला असता, आणि त्याच्या पगारात एक पैही कमी झाली नसती. ज्याचे घर परवान्यावर चालते त्याचे तेच सहा महिने निराळे, आणि त्यांमागून येणारी सात वर्षे तर आमच्या पुतण्यास कधी कळलीही नसती. याकरिता कायदा सैल करावा असे आम्ही म्हणत नाही; उद्या आमच्याच घरची मुलगी त्या गाडीत बसावयाची आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्याची किंमत इतकी निराळी पडते, त्याच्या हाती पेला देताना देणाऱ्याची जबाबदारीही तितकीच मोठी असते.

सुधाकराची सनद

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर वकील आहे. दारू त्याच्या घरात शिरते ती केव्हा? त्याची वकिलीची सनद काही काळापुरती रद्द होते, तेव्हा. हाताला काम नाही, चारचौघांत मान खाली गेली आहे, आणि अशा वेळी तळीराम दुःखावरचे औषध म्हणून पहिला प्याला पुढे करतो. त्या नाटकाकडे आपण शंभर वर्षे दारूचे नाटक म्हणून पाहत आलो. सनद गेलेल्या माणसाचे नाटक म्हणून आम्ही ते त्या संध्याकाळी प्रथमच आठवले. चालकाचा परवाना ही त्याची सनदच होय. ती गेल्यावरचे रिकामे महिने त्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे. सापडण्यापूर्वी जो वर्षातून दोनदा घेत असेल, तो या महिन्यांत रोज घेऊ लागण्याचा संभव असतो.

आमच्या सारथ्याच्या बायकोने हे ओळखले होते. "घरी बसून राहू देऊ नका त्यांना, काही तरी काम बघा," असे ती आईस येऊन सांगून गेली होती, हेही त्या दिवशी कळले. तिच्या त्या शब्दांचे मोल आईस कळले, पण आईने ते आम्हांस सांगितले तेव्हा आम्ही ते कानांआड केले.

ज्यांचे पाऊल पुढे पडले असेल त्यांच्याकरिता उपाय नाहीत असे नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांस आधार द्यावयाची जी चळवळ १९३५ साली अमेरिकेत निघाली, तिच्या बैठका आपल्याकडेही भरतात. परंतु या उपायांइतकाच मोठा उपाय म्हणजे हाताला काम, आणि आपल्याकडे पाठ न फिरविणारी चार माणसे.

आपल्या घरांचे कर्तव्य

या प्रकरणातून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे थोडक्यात मांडतो. ज्या घरांत मंगल कार्ये होतात, पाहुणे येतात, चालक सांगितले जातात, त्या सर्व घरांस ते उपयोगी पडेल.

कार्याच्या दिवशी चालकास वेळेवर जेवण आणि पाठ टेकावयास जागा देणे हे यजमानाचे काम आहे. सोळा-सोळा तास त्यास गाडीत ताटकळत ठेवणे आणि मग थकवा घालविण्यास पेला पुढे करणे, यात आतिथ्य नाही. घरातील तरुण मंडळींस हे स्पष्ट सांगावे. चालकाने रात्री घेतली आहे असे कळले, तर त्यास पहाटेचे भाडे सांगू नये. आणि घेतलेल्या माणसाच्या हाती किल्ली देऊ नये, मग तो माणूस आपला जावई का असेना. मद्याच्या अमलाखाली अपघात झाल्यास गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते, हेही ध्यानात असावे.

प्रसंग आलाच, तर तपासणीस विरोध करू नये, आणि मोजणीच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. कबुली देण्यापूर्वी एकदा तरी वकिलाचा सल्ला घ्यावा. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने ज्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे त्यांस, तसेच स्त्रियांस व अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस, तेथे विनामूल्य वकील मिळतो. परवाना गेलेल्या काळात गाडीवर दुसरा परवानाधारक चालक बसवावा, म्हणजे हप्ते चुकत नाहीत. मुदत संपल्यावर नव्याने अर्ज करताना झालेली शिक्षा लपवू नये. लपविलेली शिक्षा उघडकीस आली की उरलासुरला विश्वासही जातो.

आमच्या घरापुरते नानांनी त्या संध्याकाळीच ठरवून टाकले. चालकाच्या मेहुण्याजवळ परवाना होता. गाडी त्याने चालवावी व उत्पन्नाचा वाटा द्यावा. कर्ज फिटेपर्यंत निम्मा हप्ता पुतण्याने आपल्या पगारातून भरावा. पुतण्याने तो आजवर एकदाही चुकविलेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. चालक वाळूजच्या एका कारखान्यात मालाची बांधणी करावयास जातो. पगार पूर्वीच्या कमाईहून कमी आहे. त्या रात्रीनंतर त्याने मद्यास स्पर्श केलेला नाही, असे त्याची बायको सांगते, आणि या बाबतीत तिची साक्ष आम्ही प्रमाण मानतो.

गेल्या वर्षी घरात पुन्हा एक कार्य झाले. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी आई कार्यालयात गेली ती प्रथम चालकांकरिता ठेवलेली खोली पाहावयास. तेथे चार सतरंज्या, पाण्याचा माठ आणि पंखा आहे, एवढी खात्री करून घेऊनच ती मांडवाकडे वळली. आमचा जुना सारथी त्या कार्यास बायको-मुलांसह जेवावयास आला होता. निघताना आईने त्यास विचारले, "अजून किती राहिले रे?" त्याने बोटांवर मोजून वर्षे सांगितली. ती मोजणी आता आमच्याही घरात चालू आहे.